मिक्सर अमेरिकेला न्यायचा? आधी तळाची पाटी वाचा

नमस्कार मंडळी! ऑगस्टमध्ये अमेरिकेतली कॉलेजं सुरू होतात आणि त्याच्या महिनाभर आधीपासून आपल्याकडे घरोघरी बॅगा भरायला घेतात. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, छोटा कुकर. मग आई म्हणते, "मिक्सर पण ने गं, चटणी कशात वाटशील?" शेजारच्या काकू लगेच सांगतात, "तिकडे पिना वेगळ्या असतात, अ‍ॅडॅप्टर लाव म्हणजे झालं."

काकूंचा सल्ला मनापासूनचा आहे, पण तेवढ्याने भागत नाही. देश बदलला की तीन गोष्टी बदलू शकतात: पिनांचा आकार, व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी, म्हणजे विजेच्या दिशाबदलाची आवर्तनं सेकंदाला किती होतात ते (हे हर्ट्झमध्ये मोजतात). अ‍ॅडॅप्टर फक्त पिनांचा आकार जुळवून देतो. बाकी भिंतीतून जे येतं ते जसंच्या तसं आत जातं.

[मिक्सर आडवा करून तळाची पाटी कॅमेऱ्याजवळ आणणे]

ही पाटी बघा. २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, ७५० वॉट. अमेरिकेत घरातल्या साध्या सॉकेटमध्ये मिळतात १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ. म्हणजे व्होल्टेज जवळपास निम्मं. मिक्सर सुरू होईल, पण रडतखडत. मोटरचा जोर साधारण चौथाईवर येतो. ओलं खोबरं आणि डाळं घातलं की पातं अडकणार. मोटर अडकली की तिला गार ठेवणारा आतला पंखाही थांबतो, आणि बटण चालूच राहिलं तर वाइंडिंग, म्हणजे मोटरमधलं तांब्याच्या तारेचं वेटोळं, तापत जातं.

आणि ५० च्या जागी ६० हर्ट्झ? मिक्सरला त्याने काही फरक पडत नाही. त्यात कार्बन ब्रशची मोटर असते, तिला युनिव्हर्सल मोटर म्हणतात आणि ती डीसीवरसुद्धा, म्हणजे बॅटरीसारख्या एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवरही फिरते. त्यामुळे व्होल्टेज वाढवून दिलं की आपला मिक्सर तिकडे चालतो. त्यासाठी लागतो स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर. ७५० वॉटच्या मिक्सरला मी तरी १५०० वॉटच्या खालचा घेऊ देणार नाही, कारण मोटर सुरू होताना काही क्षण बराच जास्त करंट ओढते. हा लोखंड-तांब्याचा ठोकळा असतो, चांगलाच जड. प्रवासासाठी म्हणून हलके, स्वस्त कन्व्हर्टर मिळतात, त्यातले बरेचसे फक्त तापणाऱ्या वस्तूंसाठी असतात. मोटरला ते लावू नका.

मग माझं मत काय? मिक्सर नेऊच नका. अमेरिकेतल्या भारतीय किराणा दुकानांत आणि ऑनलाइन आपल्याच पद्धतीचे, ११० व्होल्टचे मिक्सर मिळतात. चटणीचं भांडं, पात्याचा दांडा, सगळं तसंच.

आता उलटा प्रवास, आणि हा जास्त धोक्याचा आहे. तिकडून येताना कुणीतरी प्रेमाने हेअर ड्रायर आणतं. त्यावर लिहिलेलं असतं १२० व्होल्ट, १८०० वॉट. आपल्या २३० व्होल्टवर तो लावला की काय होतं? तापणाऱ्या तारेची पॉवर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. व्होल्टेज दुपटीच्या जवळ गेलं की पॉवर जवळपास पावणेचार पट. १८०० वॉटची वस्तू एकदम ६६०० वॉट खेचायला बघते. फ्यूज किंवा एमसीबी उडाला तर नशीब, नाहीतर ड्रायर हातातच जळतो. म्हणून अशी भेटवस्तू लावण्याआधी पाटी वाचा. त्यावर "१००-२४०" असं लिहिलेलं असेल तर निर्धास्त लावा. मोबाईल आणि लॅपटॉपच्या बहुतेक चार्जरवर तेच असतं, म्हणून ते नुसत्या अ‍ॅडॅप्टरवर जगभर चालतात.

हे सगळं असं वेगवेगळं झालं कसं? जपानचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. १८९५ साली टोकियोने जर्मनीच्या एईजी कंपनीकडून ५० हर्ट्झचे जनरेटर घेतले. त्याच सुमारास ओसाकाने अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिककडून ६० हर्ट्झचे. दोन शहरांची ती खरेदी आजपर्यंत टिकली आहे: पूर्व जपान ५० वर, पश्चिम जपान ६० वर. मार्च २०११ च्या भूकंपानंतर पूर्वेकडची वीजकेंद्रं बंद पडली, टोकियोच्या परिसरात पाळीपाळीने वीज बंद ठेवावी लागली. पश्चिमेकडून हवी तेवढी मदत पाठवता येईना, कारण दोन्ही बाजू जोडणाऱ्या फ्रिक्वेन्सी कन्व्हर्टरची एकूण क्षमता होती जेमतेम १००० मेगावॉट. एकाच देशात!

आता आपल्या घरातले प्लग बघू.

[५ अँपिअरचा आणि १५ अँपिअरचा प्लग शेजारी धरणे]

हे दोन्ही जुन्या ब्रिटिश मानकातून आले आहेत. लहान प्लगची वरची पिन बघा: जाड आणि लांब. ती अर्थिंगची. लांब अशासाठी, की प्लग घालताना ती आधी टेकावी आणि काढताना शेवटी सुटावी. गंमत म्हणजे या लहान प्लगच्या अर्थिंगच्या पिनेइतक्याच जाड पिना मोठ्या प्लगमध्ये करंट वाहायला असतात. खुद्द ब्रिटनने १९४७ मध्ये चौकोनी पिनांचा, आत फ्यूज असलेला नवा प्लग आणला. आपण गोल पिनाच ठेवल्या.

साऱ्या जगाला एकच प्लग असावा म्हणून १९८६ मध्ये एक आंतरराष्ट्रीय मानकही निघालं. ब्राझीलने त्यावर बेतलेला प्लग घेतला. पण तिथे काही भागांत १२७ व्होल्ट आणि काही भागांत २२० व्होल्ट आहेत, आणि प्लगचा आकार दोन्हीकडे सारखाच! म्हणजे प्लग बसला तरी पाटी वाचायचं काम काही सुटत नाही.

तर मिक्सर कुठे चालेल? ब्रिटन, सिंगापूर, दुबई: व्होल्टेज आणि हर्ट्झ आपल्यासारखेच, फक्त चौकोनी पिना. ऑस्ट्रेलिया: २३० व्होल्ट, चपट्या तिरप्या पिना. सौदी अरेबिया: २३० व्होल्ट, पण ६० हर्ट्झ, मिक्सर चालेल. अमेरिका आणि कॅनडा १२० व्होल्ट, जपान १००: तिथे राहू द्या.

आणि अ‍ॅडॅप्टर घेताना एक बघा. बऱ्याच "युनिव्हर्सल" अ‍ॅडॅप्टरमध्ये अर्थिंगचं भोक नुसतं नावाला असतं, आत जोडणी नसते. चार्जरला चालेल. पण धातूची इस्त्री किंवा किटली त्यावर लावू नका. तिथला वायरमन गाठा आणि वायरला तिथलाच थ्री-पिन प्लग बसवून घ्या.