कायदा 1897 चा, साथ 2020 ची

पडद्यावर दिसते आहे ते मुंबईतल्या सात रस्त्याजवळचे कस्तुरबा रुग्णालय. मार्च 2020 मध्ये करोनाचे मुंबईतले सुरुवातीचे रुग्ण इथेच ठेवण्यात आले होते. सव्वाशे वर्षांपूर्वी, आर्थर रोड हॉस्पिटल या नावाने ते ओळखले जात असताना, 29 ऑक्टोबर 1896 रोजी सुमारे हजार गिरणी कामगार या रुग्णालयावर चालून आले होते. आत नेलेला माणूस जिवंत बाहेर येत नाही, त्याला मुद्दाम मारले जाते, अशी वदंता तेव्हा गिरणगावात पसरली होती.

त्या वर्षी सप्टेंबरमध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस यांनी गाठीच्या तापाचे निदान केले आणि प्लेग मुंबईत आल्याचे उघड झाले. मांडवी हा धान्याच्या वखारींचा भाग होता आणि वखारींत उंदरांचा सुळसुळाट होता. मात्र उंदरावरच्या पिसवेमुळे हा रोग माणसापर्यंत पोहोचतो, हे फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमों यांनी कराचीत 1898 मध्ये दाखवून दिले. तोपर्यंत घाण आणि दूषित हवा हेच रोगाचे मूळ असल्याचे गृहीत धरून कारभार चालला होता. गटारे धुऊन काढली गेली, घरांवर कार्बोलिकचे फवारे मारले गेले, आजाऱ्यांना सक्तीने हलवण्याचा अधिकार अधिकाऱ्यांना मिळाला. घाबरलेले लोक गाठोडी बांधून आगगाड्यांकडे आणि गलबतांकडे धावले. 1891 च्या खानेसुमारीत सव्वाआठ लाखांच्या आसपास वस्ती असलेल्या या शहरातून, 1897 चा फेब्रुवारी उजाडेपर्यंत, निम्म्याच्या जवळपास लोक निघून गेले असावेत, असा अंदाज आहे.

या धांदलीत, 4 फेब्रुवारी 1897 रोजी, साथरोग प्रतिबंधक कायदा मंजूर झाला. त्यात अवघी चार कलमे होती. भयंकर साथ पसरण्याचा धोका असेल तर सरकारला वाटतील ते तात्पुरते नियम करता येतील, ते मोडणाऱ्याला शिक्षा होईल आणि या कायद्याखाली सद्भावनेने केलेल्या कोणत्याही कृत्याबद्दल अधिकाऱ्यावर दावा लावता येणार नाही, हे त्याचे सार. साथ म्हणजे काय, याची व्याख्या त्यात नव्हती. घरातून उचलून नेलेल्या माणसाचे किंवा त्याच्या मागे राहिलेल्या कुटुंबाचे हक्क कोणते, याविषयीही त्यात अक्षर नव्हते.

या कायद्याचा अंमल कसा झाला, हे पाहायचे तर पुण्याकडे वळावे लागते. प्लेग समितीचे अध्यक्ष म्हणून आलेले वॉल्टर चार्ल्स रँड यांनी मार्च 1897 च्या मध्यापासून गोऱ्या सैनिकांकरवी घरझडत्या सुरू केल्या. माजघर आणि देवघरापर्यंत बूट पोहोचले, सामानसुमान रस्त्यावर आले, काही जाळले गेले, आजारी माणूस इस्पितळात आणि घरची माणसे विलगीकरणाच्या छावणीत, अशी ताटातूट झाली. परिणाम असा, की लोक आजारी माणूस लपवू लागले. साथ आटोक्यात आणण्यासाठी जी माहिती सर्वांत आधी हाती यायला हवी, तीच झडतीच्या धाकाने दडवली जाऊ लागली.

त्याच महिन्यात, याच शहराच्या वेशीवर, एक वेगळा प्रयत्न चालू होता. हडपसरजवळ डॉ. यशवंतराव फुले यांनी प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उघडला होता आणि त्यांच्या आई सावित्रीबाई स्वतः रुग्णांना तिथे आणत होत्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात पोहोचवले, असे सांगितले जाते. या सेवेतच त्यांना प्लेगने गाठले आणि 10 मार्च 1897 रोजी त्यांचे निधन झाले. आजाऱ्याला वेगळे ठेवायला हवे, हे दोन्हीकडे मान्य होते. पण न्यायला कोण येते, यावर लोकांचे वागणे ठरत होते.

22 जून 1897 च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. आपल्याकडे पुष्कळांच्या स्मरणात प्लेगचा इतिहास म्हणजे एवढी एक रात्र उरली आहे, आणि ही खेदाची बाब आहे. टिळकांना याच सुमारास झालेली अठरा महिन्यांची शिक्षा रँडवधानंतरच्या ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय’ या अग्रलेखासाठी होती, असे अजूनही भाषणांतून सर्रास ऐकायला मिळते. वास्तविक खटला 15 जूनच्या, म्हणजे गोळीबाराच्या आठवडाभर आधीच्या, ‘केसरी’तील मजकुरावर चालला. झडत्यांवर कठोर टीका करणाऱ्या टिळकांनी पुण्यात प्लेगच्या रुग्णांसाठी हिंदू इस्पितळ काढण्यातही पुढाकार घेतला होता, हे तर फारच थोड्यांना ठाऊक असते.

झडत्यांच्या काळात नेमके काय घडले, याविषयीची साधनेही एकमेकांशी जुळत नाहीत. सरकारी अहवालांत सैनिकांची वर्तणूक चांगली असल्याचे म्हटले आहे. पंडिता रमाबाईंनी मे 1897 मध्ये ‘बाँबे गार्डियन’ला लिहिलेल्या पत्रात प्लेगच्या इस्पितळातील स्त्रियांच्या स्थितीवर गंभीर आक्षेप घेतले. इंग्लंडमध्ये असलेल्या गोपाळ कृष्ण गोखले यांनी पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे सैनिकांवर अत्याचाराचे आरोप केले, परंतु परतल्यावर पत्रलेखकांपैकी कोणी पुरावा घेऊन पुढे येईना, तेव्हा त्यांना जाहीर माफी मागावी लागली. या माफीवरून काहीच घडले नव्हते असा निष्कर्ष काढणे जितके घाईचे, तितकेच प्रत्येक वदंतेला पुरावा मानणेही घाईचे. कोण लिहितो आहे, कोणासाठी, आणि नाव घेऊन बोलण्याची किंमत कोणाला मोजावी लागणार आहे, हे तपासत वाचण्याची सवय इतिहासाच्या अभ्यासातून लागते. 2020 मध्ये मोबाइलवर आलेले संदेश पुढे पाठवणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना ती होती?

मार्च 1898 मध्ये मुंबईत मदनपुऱ्याच्या विणकर वस्तीत एका आजारी मुलीला हलवण्यावरून दंगल उसळली, आणि त्यानंतर सरकारने सक्ती सैल केली. निरनिराळ्या समाजांना आपापली इस्पितळे चालवू देण्यात आली, स्थानिक प्रतिष्ठितांची मदत घेतली गेली, जीवाणुशास्त्रज्ञ हाफकिन यांची प्लेगवरची लस ऐच्छिक राहिली. ही लस हाफकिन यांनी 10 जानेवारी 1897 रोजी सर्वप्रथम स्वतःलाच टोचून घेतली होती. सक्तीने रोग दडपला जातो आणि दडपलेला रोग अधिक पसरतो, हा अनुभव सरकारच्या पदरी पडला तो असा, दीड वर्षाची किंमत मोजून.

हा अनुभव अहवालांत राहिला आणि कायदा मात्र चार कलमांनिशी तसाच पुढे चालत आला. 2009 मध्ये पुण्यात स्वाइन फ्लूच्या वेळी तो लावला गेला आणि 13 मार्च 2020 रोजी राज्य सरकारने करोनासाठी तोच पुन्हा लागू केला. करोना म्हणजे प्लेग नव्हे, आणि निवडून आलेले सरकार म्हणजे रँडची समिती नव्हे. 1897 ची ओळन् ओळ 2020 वर बसवू पाहणारा माणूस इतिहासाचा गैरवापर करतो. तरीही गृहविलगीकरणातल्या लोकांच्या हातावर शाईचे शिक्के मारले गेले, दारांवर सूचना लागल्या, आणि शेजारपाजाऱ्यांच्या नजरेला भिऊन लक्षणे लपवणारी माणसे पुन्हा दिसू लागली. काही ठिकाणी डॉक्टरांवर हल्ले झाले, तेव्हा 22 एप्रिल 2020 च्या वटहुकमाने या कायद्यात दुरुस्ती करून हल्लेखोरांसाठी सात वर्षांपर्यंतच्या तुरुंगवासाची तरतूद करण्यात आली. डॉक्टरांना ते संरक्षण हवेच होते. पण लोकांना रुग्णालयाचे भय का वाटते, याचे उत्तर शिक्षेच्या कलमात नसते; ते आर्थर रोडच्या कागदपत्रांत 1896 पासून लिहून ठेवलेले आहे.

धारावीत त्याच उन्हाळ्यात महापालिकेने वस्तीतल्या खासगी डॉक्टरांना सोबत घेऊन दारोदार तपासणी केली. वर्षानुवर्षे ताप-खोकल्याचे औषध देणारा ओळखीचा डॉक्टर दारात उभा राहिला की लोक दार उघडत होते. विलगीकरणासाठी शाळा घेतल्या गेल्या, तिथे जेवणाची सोय झाली. जुलै 2020 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या कामाची दखल घेतली.

आता प्रश्न पुढच्या साथीचा आहे, आणि तो बराचसा कागदपत्रांचा आहे. 1897 चे निर्णय आज तपासता येतात ते मुंबई सरकारचे अहवाल, वृत्तपत्रांचे अंक आणि खासगी पत्रव्यवहार जपला गेल्यामुळे. 2020 मधला फार मोठा व्यवहार मात्र फोनवरून झाला. प्रभाग कार्यालयांतल्या खाटांच्या याद्या, स्मशानभूमींच्या नोंदवह्या, मुंबईहून गावी परतलेल्यांना शाळेत ठेवताना ग्रामपंचायतींनी घेतलेले ठराव आणि तालुक्याच्या व्हॉट्सअॅप गटांवर रात्री-अपरात्री दिले गेलेले आदेश, यांपैकी काय अभिलेखागारात पोहोचवायचे आणि कोणी पोहोचवायचे, हे ठरवण्याची वेळ आज आहे, कारण त्या वर्षी हे काम केलेले ग्रामसेवक, आशा सेविका आणि वॉर्ड अधिकारी यांच्यातले बरेच जण अजून नोकरीत आहेत आणि त्यांना विचारता येते.