तळहातावरचा 'नो'

नमस्कार श्रोतेहो. उजव्या हाताची तर्जनी डाव्या तळहातावर टेका, मधोमध, जरा वरच्या अंगाला. तिथून डावीकडे खाली तिरकी रेघ ओढा. बोट न उचलता वर वळा, मोठी गोल फेरी घ्या, उजवीकडून खाली या. शेवटी थांबू नका, रेघ ओढता ओढताच बोट अलगद उचला. हा हिरागाना या जपानी लिपीतला 'नो'. आपण चा-ची-चे लावतो, तिथे जपानीत हा एकटा 'नो' पुरतो.

हिरागानातली मूळ अक्षरं 46. त्यांचा क्रम ऐका: आ, ई, ऊ, ए, ओ, मग का, सा, ता, ना. ओळखीचा वाटतो ना? संस्कृत वर्णमाला शिकलेल्या बौद्ध भिक्षूंची ती देणगी. त्यामुळे पाठांतर आपल्याला सोपं जातं. खरी मेहनत असते ती हाताला.

मी आधी छापील पुस्तकातून अक्षरं उतरवायचो. 'की' कधीच जमायची नाही. छपाईत तिची तिरकी रेघ खालच्या वळणाला जोडलेली दिसते. हाताने लिहिताना मात्र दोन आडव्या रेघा, मग तिरकी, तिथे पेन उचलायचं आणि खालचं वळण वेगळं काढायचं. आमच्या सेन्सेईंनी, म्हणजे शिक्षकांनी, माझा हात धरून ते दाखवलं, तेव्हा कुठे उमगलं. रेघ कुठे थांबते, कुठे आकडा घेते, कुठे निसटते, यावर अक्षर उभं राहतं. त्यांची जपानी नावं तोमे, हाने, हाराई.

याचं कारण ही लिपी कुंचल्यातून आली. चिनी अक्षरं भरभर लिहिताना झिजत झिजत हिरागाना झाली. हेइआन काळात, म्हणजे आठव्या शतकाच्या शेवटापासून बाराव्या शतकापर्यंत, स्त्रियांनी तिच्यात पत्रं लिहिली, कविता लिहिल्या. तिला 'ओन्नादे', बायकांचा हात, असंच म्हणत. मला हे नाव फार आवडतं.

नवशिक्यांना छळणारी जोडी म्हणजे 'मे' आणि 'नु'. 'मे' आली 'स्त्री' या चिनी अक्षरातून. 'नु'च्या मूळ अक्षरात स्त्रीच्या शेजारी हाताचं चिन्ह आहे. ते झिजून एक बारीक गाठ उरली.

आता पुन्हा तळहात पुढे करा. आधी डावीकडे एक छोटी तिरकी रेघ. तिला छेदत मघाचाच 'नो' काढा, पण सुरुवात जरा उजवीकडून. ही झाली 'मे'. पुन्हा तसंच काढा, आणि या वेळी शेवटी बोट न उचलता खाली उजवीकडे एक छोटी गाठ मारा. हा 'नु'.