मशीन पिळत नाही, तेव्हा आधी पाइप बघा

(लातूरमधील एका वाचनालयाच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, गणपती गेले, पितृपंधरवडा चालू आहे आणि घटस्थापना तोंडावर आली आहे. म्हणजे आपल्याकडे दसरा काढायचे दिवस. इथे बसलेल्या पुष्कळ जणांनी लहानपणी आई-आजीबरोबर नदीवर नाहीतर विहिरीवर वाकळा वाहून नेल्या असतील. दगडावर आपटून, दोघींनी दोन टोकं धरून पिळून, काट्याच्या कुंपणावर वाळत टाकलेल्या. आता त्या वाकळा वॉशिंग मशीनमध्ये जातात, आणि बरोबर ह्याच पंधरवड्यात माझा फोन वाजायला लागतो. "सर, मशीन धुतंय, पण पिळत नाही." कुणी म्हणतं ड्रायर फिरत नाही, कुणी म्हणतं स्पिन होत नाही. तक्रार एकच.

मी आयटीआयमध्ये वीजतंत्री ट्रेडला शिकवलं. माझ्या हाताखालून गेलेली पोरं आज लातूर, नांदेड, परभणीत मशीन दुरुस्त करतात, अडलं की फोन करतात. त्यांच्याबरोबर घराघरांत जाऊन एक गोष्ट मला पक्की कळली आहे आणि तीच मला तुमच्यापुढे मांडायची आहे. मराठवाड्यात मशीन पिळत नाही, तेव्हा बहुतेक वेळा मशीन बिघडलेलं नसतं. पाण्याला बाहेर जायला वाट नसते. किंवा पिळायला सुरुवात केली तर धोका आहे हे त्याला कळलेलं असतं, म्हणून ते थांबलेलं असतं. ते थांबलं म्हणजे आपलं काम चोख करतंय.

हे समजायला थोडं मशीनच्या पोटात जावं लागेल. टबच्या बुडाशी हवेची एक छोटी कुपी असते आणि तिच्यातून बोटापेक्षा बारीक नळी वर जाते. टबमध्ये पाणी चढलं की त्या नळीतली हवा दाबली जाते. तो दाब वरच्या सेन्सरला कळतो आणि सेन्सर कार्डाला, म्हणजे मशीन चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक सर्किटला, सांगतो, इतकं पाणी आहे. पाणी सोडलं की दाब उतरतो. दाब पुरता उतरल्याशिवाय ऑटोमॅटिक मशीन पिळायला घेतच नाही. भरलेल्या टबासकट जोरात फिरलं तर मोटर जळेल, क्लच जाईल, म्हणून ते काही मिनिटं वाट बघतं आणि मग शिट्टी मारून थांबतं. काचेवर अक्षरं येतात. एलजीच्या मशीनवर 'ओई' आलं तर पाणी बाहेर गेलेलं नाही, 'यूई' आलं तर कपडे एका बाजूला गेले आहेत, 'डीई' आलं तर झाकण किंवा दार नीट लागलेलं नाही. दुसऱ्या कंपन्यांची अक्षरं वेगळी असतात. पुस्तकात त्यांचं पान असतं. ते पुस्तक कपाटात कुठल्या पिशवीत आहे ते आज घरी गेल्यावर शोधून ठेवा.

आता 2016 सालाकडे येतो. ह्या शहरात बसून पाण्याबद्दल बोलायचं आणि ते साल टाळायचं, हे मला जमणार नाही. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी आणि साधारण पाच लाख लिटर पाणी होतं, पुढे पन्नास वाघिणींची गाडी झाली. जलदूत म्हणायचे तिला. स्टेशनवर ती गाडी बघायला गेलेली माणसं इथे आहेत, मान हलवताहेत, मला दिसतंय. त्या उन्हाळ्यानं आपल्या घरांना जे वळण लावलं ते अजून आहे आणि ते राहावं असंच मला वाटतं. टॉप लोड मशीनला एका धुण्याला शंभर लिटरच्या आसपास पाणी लागतं. हे पाणी मोरीतून सोडून द्यायला आपला हात धजत नाही. ते संडासाला वापरायचं, अंगणात शिंपडायचं, ओटे धुवायचे. म्हणून आपण काय करतो? मशीनच्या मागचा पाइप उचलतो आणि पिंपात सोडतो. पिंप किती उंच? कमरेएवढं.

इथेच सगळं अडतं.

माझ्या मावशीचं घर औशाला. तिच्या सुनेचा फोन आला. "भावजी, मशीन पिळेना. कंपनीचा माणूस येऊन गेला, कार्ड गेलंय म्हणतो. साडेचार हजार लागतील म्हणतो." मी म्हटलं, कार्ड बदलू नका, मी येतो. गेलो तर मावशी मशीनशेजारी खुर्ची टाकून बसलेली. "बघ बाबा, नवं घेऊन तीन वर्षं नाही झाली. माझ्या हातातल्या बांगड्या अजून फिरतात, हे फिरना." मी मशीन उघडलं नाही, स्क्रू ड्रायव्हर काढला नाही. पाठीमागे वाकून बघितलं. पाइप मशीनच्या बुडातून, फरशीला लागून बाहेर आलेला, आणि तिथून सरळ वर चढून निळ्या पिंपाच्या काठावर सुतळीनं बांधलेला. गाठ इतकी पक्की की सोडायला विळी लागली. पिंपाचा काठ टबातल्या पाण्यापेक्षा वर. पाणी चढणार कसं? टबात काळसर पाणी तसंच उभं, वर सुनेचा दुपट्टा तरंगतोय. पाइप सोडून मोरीत खाली टाकला. भस्सकन पाणी गेलं. दोन-तीन मिनिटांत आत टक् असा आवाज आला आणि मशीन पिळायला लागलं. मावशी उठून उभी राहिली. तिचा पहिला प्रश्न होता, "अरे, पण ते पाणी गेलं की वाया!"

मावशीचा प्रश्न बरोबर होता. पाणी वाचवायची सवय सोडा असं मी तिला सांगितलं नाही, तुम्हालाही सांगणार नाही. फक्त मशीनचा प्रकार ओळखा. आपल्या बाजारातल्या सेमी ऑटोमॅटिक आणि पुष्कळशा टॉप लोड मशीनना पाणी उपसायचा पंप नसतो. पाणी आपल्या वजनानं खाली जातं. खूण अशी की पाइप बुडातून, जमिनीलगत निघतो आणि पाणी सोडताना मोटरची घरघर येत नाही. अशा मशीनचा पाइप सगळीकडे जमिनीलगतच राहिला पाहिजे. पाणी वाचवायचं तर मशीन उंच करा. विटांचा पक्का ओटा बांधा, वर सपाट फरशी बसवा, आणि पाइप खाली ठेवलेल्या पसरट घमेल्यात सोडा. तिथून मग्यानं पिंपात भरा. लोखंडी डगमगता स्टँड नको, त्याचं कारण पुढे येईल. ज्याला पंप आहे, म्हणजे जवळपास सगळी फ्रंट लोड आणि काही टॉप लोड, त्याचा पाइप साधारण दोन ते तीन फुटांवर ठेवायचा असतो. ते पाणी पिंपात चढेल. मात्र पाइपचं टोक पिंपातल्या पाण्यात बुडू देऊ नका, आणि फार खालीही सोडू नका, नाहीतर धुणं चालू असतानाच पाणी आपोआप ओढून बाहेर पडतं.

सेमी ऑटोमॅटिकमध्ये हा घोळ आणखी वाढतो. धुण्याचा टब आणि ड्रायर दोघांचा पाइप एकच. तोच वर बांधला तर धुण्याचं पाणी उलटं ड्रायरच्या खालच्या भांड्यात शिरतं. ड्रायरची जाळीदार टोपली पाण्यात घासत फिरायला बघते, मोटर घुंऽऽ करते आणि गरम होते.

ह्या कार्डाबद्दल मला बोलू द्या, कारण हे माझ्या मनाला लागलेलं आहे. कार्ड जातं, नाही असं नाही. वीज चमकली, व्होल्टेज उसळलं, उंदरानं वायर खाल्ली की जातं. पण पाइप न बघता, फिल्टर न काढता, झाकणाचा स्विच न दाबता 'कार्ड गेलंय' म्हणणं हा सरळ सरळ अन्याय आहे. माझ्या पोरांना मी वर्गात हेच सांगायचो. आधी डोळ्यांनी बघा, मग कानांनी ऐका, मग हातानं चाचपा, आणि मीटर सगळ्यात शेवटी काढा. गिऱ्हाइकाच्या घरात उभ्या उभ्या तीन मिनिटांत कार्डाचं निदान करणाऱ्याला तुम्ही शांतपणे एक विचारा. "भाऊ, पाणी उतरलंय का? कार्डापर्यंत सप्लाय येतोय का, ते मीटरवर दाखवता का?" जो खरा कारागीर असेल तो आनंदानं दाखवेल.

आता वाकळ. वाकळ म्हणजे जुन्या लुगड्यांचे, धोतरांचे थर. कोरडी असते तेव्हा हातात उचलता येते, भिजली की दोघांना आवरत नाही. ती एकटी मशीनमध्ये टाकली की एका बाजूला गोळा होऊन बसते. टॉप लोड मशीन पिळताना मिनिटाला सातशेच्या आसपास फेरे घेतं. टबाचा मध्य ते कड वीतभर अंतर धरा. ह्या वेगाला कडेच्या कपड्यावर त्याच्या वजनाच्या सव्वाशेपट ओढ पडते. एक किलोचा ओला गोळा एका बाजूला जास्त झाला, तर टबाला सव्वा क्विंटलाच्या जोरानं तिकडे खेचतो, आणि ही खेच एका सेकंदात अकरा-बारा वेळा गोल फिरते! वेग दुप्पट केला तर ओढ दुप्पट होत नाही, चौपट होते. म्हणून मशीन हळू हळू फिरून अंदाज घेतं, धडधड झाली की थांबतं, पुन्हा पाणी घेऊन कपडे सारखे करून बघतं, आणि जमलं नाही की 'यूई' दाखवून हात टेकतं. डगमगता स्टँड नको म्हणालो ते ह्याचसाठी. जाड वाकळ खरं तर मशीनचं कामच नाही. ती हौदावरच धुवा. पातळ गोधडी असेल तर तिच्यासोबत समोरच्या बाजूला दोन चादरी टाका. एकटी जीन्स, एकटं ब्लँकेट, एकटं पायपुसणं टाकून पिळायला लावू नका. चारही पाय फरशीला टेकलेत का, ते कोपरे दाबून बघा. पाय फिरवून खालीवर करता येतात.

अध्यक्षबाई घड्याळ दाखवताहेत. नंतर काव्यवाचन आहे, मला माहीत आहे. पत्रिकेत मी 'सर्व कारणे व उपाय' असं छापलं आहे, तर ती भरभर सांगतो.

कान लावा. पिळायला लावल्यावर काहीच आवाज नाही, तर झाकणाचा स्विच, टायमर, प्लग. सेमीच्या ड्रायरचं झाकण एकदा उघडून घट्ट लावा. टक् असा आवाज यायला हवा. नुसती घुंऽऽ येते आणि फिरत नाही, तर तीन शक्यता. टोपली आणि बाहेरच्या भांड्याच्या मध्ये पायमोजा, रुमाल अडकलाय. किंवा ब्रेकची तार ढिली झाली, तुटली, आणि ब्रेक लागलेलाच राहिला. किंवा कपॅसिटर, म्हणजे मोटरला सुरुवातीचा जोर देणारा भाग, गेला. प्लग काढून मध्ये काही अडकलंय का ते बघा. काही अडकलं नसेल आणि ब्रेकही सुटत असेल, तर कपॅसिटरकडे बोट. मोटर फिरतेय, टोपली नाही, तर जोडाचा स्क्रू ढिला नाहीतर बेल्ट घसरला. टॉप लोडमध्ये पाणीही जात नाही आणि पिळतही नाही, पाइप मात्र ठीक आहे, तर ड्रेन मोटर बघायला सांगा. तीच मोटर व्हॉल्व्ह उघडते आणि तीच क्लच ओढते, त्यामुळे ती गेली की दोन्ही कामं थांबतात. फ्रंट लोडला खाली कोपऱ्यात छोटं झाकण असतं, आत फिल्टर. तो उघडण्याआधी खाली परात ठेवा. आत नाणी, सेफ्टी पिना, टिकल्यांची पाकिटं, चिखल, सगळं सापडतं.

व्होल्टेज. संध्याकाळी 230 चं 180 झालं, तर मोटरची सुरुवातीची ताकद तीन पंचमांशाच्या आसपास उरते, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटते. धुणं कसंबसं होतं, पिळायला उठत नाही. तेच मशीन पहाटे लावून बघा. चाललं तर दुरुस्ती मशीनची नाही, लाइनची आहे.

बोअरचं पाणी. आपला काळा खडक, त्यातून येणारं पाणी जड. फेस होत नाही म्हणून आपण पावडर वाढवतो. ती पावडर, क्षार आणि टँकरचा गाळ मिळून व्हॉल्व्हवर आणि मघाच्या त्या बारीक नळीच्या कुपीत बसतो. कुपी चोंदली की टब रिकामा असून सेन्सर सांगतो, पाणी आहे. महिन्यातून एकदा रिकामं मशीन गरम पाण्यावर, निंबूसत्व टाकून फिरवा. ब्लीच आणि निंबूसत्व एकत्र कधीही नको, त्यातून विषारी वायू निघतो. आणि मशीनच्या बुडाला जाळी नसेल तर बसवून घ्या, उंदीर तिथूनच शिरतात.

एवढं घरी बघायचं. मागचं झाकण मात्र तुम्ही उघडू नका. प्लग काढला तरी कपॅसिटरमध्ये वीज साठून राहू शकते आणि झटका बसतो. हे मी इथल्या तरुण मुलांना मुद्दाम सांगतोय, कारण व्हिडिओ बघून स्क्रू काढायची घाई त्यांनाच असते.

टेबलावर मी एक जुना ड्रेन व्हॉल्व्ह ठेवला आहे. रबराच्या कडेला पांढरा थर दिसेल, नखानं खरवडून बघा, किती कडक आहे. आतल्या खाचेत साडीच्या फॉलचा दोरा गुंडाळलेला आहे, तो मी काढलेला नाही. चहा होईपर्यंत मी इथेच आहे. ज्यांच्या मशीनला पंप आहे की नाही ते कळत नाही, त्यांनी मोबाइलवर मागच्या बाजूचा फोटो काढून आणला असेल तर दाखवा.