शंभर दिवसांत दुप्पट

नमस्कार मंडळी. इंटरनेटचा वापर वाढला की माहितीला वाट दाखवणारे राउटर लागणार, संगणक एकमेकांना जोडणारे स्विच लागणार, फायबरच्या, म्हणजे प्रकाशातून माहिती नेणाऱ्या काचेच्या तारेच्या, टोकांना बसणारी यंत्रं लागणार. मग ती बनवणाऱ्यांचे शेअर चढणारच, असं म्हणतात. कुणी असं म्हटलं की मला एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही.

1998 साल. अमेरिकेत जो तो म्हणत होता, इंटरनेटवरची वाहतूक, म्हणजे माहितीची ये-जा, दर शंभर दिवसांनी दुप्पट होतेय. तिथल्या वाणिज्य खात्याच्या अहवालातसुद्धा हे छापून आलं. आता तुम्हीच हिशेब करा. शंभर दिवसांत दुप्पट म्हणजे वर्षात बारा पट, दोन वर्षांत दीडशे पट! एटी अँड टीच्या प्रयोगशाळेतले गणिती अँड्र्यू ओड्लिझ्को यांनी आकडे तपासले, तर वाढ निघाली वर्षाला साधारण दुप्पट. तीही जबरदस्तच, पण बारा पट कुठे आणि दोन पट कुठे! ऐकतो कोण? दूरसंचार कंपन्यांनी कर्ज काढून फायबर टाकलं, यंत्रांच्या ऑर्डरी दिल्या. मार्च 2000 मध्ये सिस्को ही राउटर बनवणारी कंपनी मायक्रोसॉफ्टला मागे टाकून बाजारमूल्यात जगात पहिली झाली. शेअर 80 डॉलरला. मग तिच्या ग्राहकांचे, म्हणजे या दूरसंचार कंपन्यांचे, पैसे संपले. 2001 मध्ये सिस्कोला 2 अब्ज डॉलरहून जास्त किमतीचा पडून राहिलेला माल तोटा धरून हिशेबातून उडवावा लागला. ऑक्टोबर 2002 मध्ये शेअर 10 डॉलरच्याही खाली. आणि इंटरनेटचा वापर? तो वाढतच होता. पुन्हा सांगतो, वापर वाढत होता आणि शेअर पडत होता.

कारण साधं आहे. घरावर मोठी टाकी बसवली की पाणी कितीही वापरा, दुसरी टाकी लगेच कुणी घेत नाही. शिवाय तेच फायबर, टोकाची यंत्रं बदलली की प्रकाशाचे जास्त रंग वाहून नेतं, म्हणजे कित्येक पट जास्त माहिती. त्यामुळे ऑर्डरी येतात त्या लाटांसारख्या. आज डेटा सेंटरवाले, म्हणजे हजारो संगणक एका जागी चालवणारे, स्विच घेतायत, तीही लाटच. वापर आपण करतो, यंत्रं मात्र मोजक्या बड्या कंपन्या घेतात. त्यांनी हात आखडला की संपलं. म्हणून तिमाही निकालात हातातल्या ऑर्डरी किती आणि गोदामात पडून माल किती, हे आधी बघावं.

बाकी हा वापर वाढतो तरी कशानं? तीन ओळींत लिहून सांगता येईल त्यासाठी दहा मिनिटांचा व्हिडिओ, आणि तो न विचारता आपोआप सुरू! माझा त्यावर राग आहे, पण असो.

तर सिस्को. 2000 मध्ये तिची वर्षाची विक्री होती 19 अब्ज डॉलरच्या आसपास. 2010 मध्ये ती 40 अब्जांवर गेली, दुपटीहून जास्त. आणि शेअर? तो त्या जुन्या 80 डॉलरवर परत पोचला डिसेंबर 2025 मध्ये.