पोतं ज्वारीचं होतं

(भुसावळच्या एका चर्चच्या सभागृहात प्रायश्चित्तकाळात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

फादर, सिस्टर आणि एवढ्या उन्हातून आलेल्या सगळ्यांनो. फळ्यावर विषय लिहिलाय, 'मोबाइलवरची टीका आणि आपली श्रद्धा'. मरिया, गोवा आणि धर्मांतर, या तीन गोष्टींवर बोलायचं मी कबूल केलंय. धर्मांतरापासून सुरू करतो, कारण ती वाट माझ्या घरातून जाते.

आम्हा निवृत्त रेल्वेवाल्यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. रोज सुप्रभात, गुरुवारी गजानन महाराज, अधूनमधून पेन्शनचं परिपत्रक. गेल्या हिवाळ्यात एका रात्री तिथं लांबलचक मजकूर आला. ख्रिस्ती म्हणजे तांदळाच्या पोत्यासाठी बाटलेली माणसं, असा त्याचा शेवट होता. पाठवणारा लोको शेडमध्ये वीस वर्षं माझ्या पाळीला होता.

मी रात्री दोनपर्यंत लिहीत बसलो. पोप, परिषदा, संत, सनावळ्या, जे सापडलं ते चिकटवलं. सकाळी पाहतो तर दोघं ग्रुप सोडून गेलेले आणि ह्याचं पुढचं फॉरवर्ड आलेलं. बायको म्हणाली, "त्यांच्या वडिलांच्या तेराव्याला तुम्ही पंगतीत वाढत होतात. घर ठाऊक आहे ना त्यांचं?"

रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर त्याच्या घरी गेलो. अंगणात पऱ्हाट्यांच्या जाळावर भरताची वांगी भाजणं चाललं होतं, बामणोदची. "बस ना भो," म्हणाला. मी मोबाइल पुढे केला आणि म्हटलं, हे मोठ्यानं वाच. तो अर्ध्यावर थांबला. "हे मी पूर्ण वाचलंच नव्हतं रे. पुतण्यानं पाठवलं, मी पुढं ढकललं." मग खाली बघत म्हणाला, "हे तुझ्याबद्दल नाही. तू तसला नाहीस."

त्या अख्ख्या मजकुरापेक्षा हे वाक्य मला जास्त लागलं. इथल्या पुष्कळांनी ते ऐकलं असेल, शाळेत, ऑफिसात, लग्नाच्या मांडवात. आपण ते कौतुक समजून घरी घेऊन येतो. आणू नका. मी म्हणालो, "मी तसलाच आहे. पोतं मिळालं होतं. पण तांदळाचं नव्हे, ज्वारीचं. नगर जिल्ह्यात दुष्काळात तांदूळ कुठला?"

मग त्याला पणजीची गोष्ट सांगितली. 1899-1900 चा दुष्काळ. विहीर आटली तेव्हा सारं गाव तहानलेलं होतं. पण विहीर भरलेली असतानाही माझी पणजी तहानलेलीच असायची, कारण महारवाड्यातल्या बाईनं तिथं घागर बुडवायची नव्हती. मिशनचा जर्मन फादर तिच्या दारात बसला आणि तिच्या हातचं पाणी प्यायला. आजी सांगायची, पणजी ज्वारीबद्दल फारसं बोलली नाही, त्या पाण्याबद्दल मात्र मरेपर्यंत बोलायची.

आणि पोतं एका पावसाळ्यात संपतं. आजोबा इथं खलाशी म्हणून लागले तेव्हा पोतं द्यायला कोणी आलं नव्हतं. उलट 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना ठेवला. 1956 मध्ये शीख त्यात आले, 1990 मध्ये बौद्ध. दलित ख्रिस्ती अजून बाहेरच आहेत. माझ्या वडिलांना एका कारकुनानं सांगितलं होतं, धर्माच्या रकान्यात दुसरं काही लिहा, पोराचं भलं होईल. वडिलांनी 'ख्रिस्ती' लिहिलं. पोत्यासाठी आलेली माणसं समोर दुसरं पोतं दिसल्यावर राहतात का? हे प्रत्येक घरानं आपापल्या म्हाताऱ्यांना विचारून लिहून ठेवावं, ही माझी कळकळीची विनंती आहे. आपल्याच घरची गोष्ट आपल्याला ठाऊक नसते, म्हणून दुसरा सांगेल ती खरी वाटते.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "माझी आई हरेगावला नवस फेडायला गेली होती. ती मतमाउली म्हणजे तुमची देवीच ना?"

चिठ्ठी आली आहे. सात मिनिटं उरलीत, तेव्हा भराभर सांगतो.

मतमाउली म्हणजे येशूची आई मरिया. ती देवी नाही, आई आहे. काना गावच्या लग्नात द्राक्षारस संपला तेव्हा ती नोकरांना म्हणाली, तो सांगेल तसं करा. तिचं बोट येशूकडेच आहे. मूर्तीपुढे मेणबत्ती लावतो त्याचाही निर्णय 787 मध्ये निकेया इथं भरलेल्या चर्चच्या परिषदेत झालेला आहे: आराधना एका देवाचीच, प्रतिमेला दिलेला मान जिची ती प्रतिमा तिला पोहोचतो. हे त्याला एका दमात समजलं, कारण त्याच्या वडिलांचा फोटो भिंतीवर हारासकट होता.

गोव्यात धर्माच्या नावानं जुलूम झाला, ते नाकारू नका. इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगीज राजवटीतलं चर्चचं धर्मन्यायालय, 1560 मध्ये बसलं आणि मधला थोडा खंड सोडला तर 1812 पर्यंत चाललं. देवळं पडली, नवख्रिस्ती भरडले गेले. त्याच गोव्यात 1616 मध्ये थॉमस स्टीफन्स या जेझुइट फादरनं मराठी ओवीत ख्रिस्तपुराण छापलं. दोन्ही आपलंच आहे, एक सांगून दुसरं झाकता येत नाही. श्रद्धेची सक्ती कोणावरही होऊ नये, हे चर्चनं 1965 मध्ये व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेत लिहून दिलं. 12 मार्च 2000 रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी चर्चच्या लेकरांच्या पापांबद्दल देवाची क्षमा मागितली. पोपनं मागितली, तर आपल्याला कसली लाज? येशूचा शिष्य पेत्र सांगतो, उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेनं. मी त्या रात्री दोनपर्यंत जे लिहिलं त्यात सौम्यता कुठेच नव्हती.

घंटा झाली, मिस्सेला उठायचंय. तो पुतण्या पुण्याला असतो. त्याचा नंबर मी घेतलाय. परवा फोन केला, त्यानं उचलला नाही. पुन्हा करणार आहे.