फिरतीच्या पिशवीत टॅबलेट की हलका लॅपटॉप?

श्रोतेहो, नमस्कार.

धानाच्या आणि डाळीच्या गिरण्यांना लागणारे सुटे भाग पुरवण्याचा माझा व्यवसाय आहे. दुकान नागपुरात, इतवारीत आहे. पण गिऱ्हाईक भंडारा, तुमसर, गोंदिया, मूल आणि पलीकडे थेट रायपूरपर्यंत पसरलेले असल्यामुळे महिन्याचे दहा-बारा दिवस फिरतीवरच जातात. आमच्यासारख्या लहान व्यापाऱ्याचे कार्यालय त्याच्या बरोबरच फिरत असते. कोटेशन, बिल, उधारीचा हिशेब, निविदा, बँकेची कामे हे सगळे त्याच्याच हातून होते, मग तो दुकानात बसलेला असो की गोंदियाच्या गाडीत. म्हणूनच फिरतीच्या पिशवीत टॅबलेट ठेवावा की हलका लॅपटॉप, हा प्रश्न मला माझे व्यापारी मित्र वारंवार विचारतात. मी आधी चार वर्षे टॅबलेट वापरला, आता हलका लॅपटॉप वापरतो, आणि या दोन्ही अनुभवांतून जे उमगले ते आज आपल्यापुढे ठेवणार आहे.

बहुतेक लोक विचाराची सुरुवात वजनापासून करतात आणि तिथेच फसतात. ११ इंची टॅबलेट साधारण अर्ध्या किलोचा असतो, हे खरे. परंतु त्यावर पत्रव्यवहार करायचा तर कीबोर्ड हवा. आणि टचपॅड असलेले चांगल्या प्रतीचे कीबोर्डचे आवरण जोडले की तेच वजन एक किलोच्या वर जाते. मोठा, १३ इंची टॅबलेट कीबोर्डसह घेतला तर तो अ‍ॅपलच्या १३ इंची मॅकबुक एअर या हलक्या लॅपटॉपच्या, म्हणजे सव्वा किलोच्या, जवळपास जातो किंवा त्याहून जड भरतो. किमतीचेही तसेच आहे. टॅबलेट, कीबोर्ड आणि पेन यांची एकत्र बेरीज केली की ती चांगल्या लॅपटॉपच्या किमतीला भिडते. तेव्हा वजन आणि पैसा यांच्या बळावर हा निर्णय होत नाही.

ही दोन साधने बाजारात कशी आली, ते आठवले तर त्यांचा स्वभाव कळतो. पातळ, हलक्या लॅपटॉपची लाट ज्या मॅकबुक एअरमुळे उसळली, तो जानेवारी २००८ मध्ये अ‍ॅपलचे प्रमुख स्टीव्ह जॉब्ज यांनी कागदी पाकिटातून बाहेर काढून दाखवला होता. दोन वर्षांनी, जानेवारी २०१० मध्ये, त्यांनीच आयपॅड हा टॅबलेट दाखवला तो मंचावर आरामखुर्चीत बसून. फोन आणि लॅपटॉप यांच्या मधली एक तिसरी जात म्हणून त्यांनी तो लोकांपुढे ठेवला होता. पुढे कीबोर्ड आले, पेन आले, २०१९ मध्ये आयपॅडसाठी वेगळी कार्यप्रणालीही आली. तरीही पाहणे, दाखवणे आणि टिपून घेणे हाच टॅबलेटचा मूळ पिंड राहिला आहे, असे माझे मत आहे.

आणि दाखवण्याच्या कामात टॅबलेटला खरोखर तोड नाही. तुमसरजवळच्या एका राइस मिलमध्ये मी रबर रोलचा आणि चाळणीचा आराखडा घेऊन गेलो होतो. मिलमध्ये बसायला खुर्ची नसते, टेबल नसते; कोंड्याची बारीक धूळ सतत उडत असते आणि यंत्रांच्या आवाजात बोलणे ऐकू येत नाही. मी टॅबलेट मालकांच्या हातात दिला. त्यांनी दोन बोटांनी चाळणीचे चित्र मोठे केले, ज्या कोपऱ्यातून तुकडा तांदूळ निसटत होता तिथे बोट ठेवले आणि मी पेनने त्याच चित्रावर छिद्राचे माप लिहून घेतले. काचेवर कोंड्याचा पिवळसर ठसा उमटला, तो रुमालाने पुसला, काम झाले. हेच लॅपटॉपवर करायचे तर एका हातावर तो तोलून धरावा लागला असता आणि उघडलेले झाकण आम्हा दोघांच्या मध्ये भिंतीसारखे उभे राहिले असते. शिवाय पंखा असलेल्या लॅपटॉपच्या फटींतून हा कोंडा आत जातो आणि वर्षभरात पंखा घरघरू लागतो. टॅबलेटमध्ये सहसा पंखा नसतो, त्यामुळे ती काळजी नाही.

परंतु फिरतीवरचे काम केवळ दाखवण्यापाशी थांबत नाही. एकदा मी गोंदियाला मुक्कामी असताना एका संस्थेची, धान्य साफ करण्याच्या यंत्रांचे सुटे भाग पुरवण्याची निविदा संध्याकाळी पाच वाजता बंद होणार होती. कागदपत्रे तयार होती, डिजिटल स्वाक्षरीचे टोकन, म्हणजे संगणकावर सही करण्याचे पेनड्राइव्हसारखे साधन, खिशात होते आणि टॅबलेटची बॅटरीही भरलेली होती. राज्याच्या ई-निविदा संकेतस्थळावर ठेकेदाराला प्रवेश करतानाच ते टोकन लागते. टॅबलेटच्या खाचेत जोडणी (अ‍ॅडॉप्टर) लावून मी टोकन घातले, त्याचा लहानसा दिवा लागला. पण टॅबलेटला त्याची ओळख पटेना. दर भरण्याची जी एक्सेल फाइल असते तीही मॅक्रोवर, म्हणजे फाइलमध्येच लिहिलेल्या छोट्या प्रोग्रॅमवर, चालणारी असते, आणि आयपॅड किंवा अँड्रॉइड टॅबलेटवरच्या एक्सेलमध्ये मॅक्रो चालत नाहीत. दुपारी साडेतीनला मी लॉजमधून बाहेर पडून सायबर कॅफे शोधू लागलो. एका ठिकाणी संगणक मिळाला, तिथे टोकनचे ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला टोकनाची ओळख पटवणारे सॉफ्टवेअर, आणि स्वाक्षरीचे सॉफ्टवेअर चढवता चढवता पाच वाजून गेले. वर्षभराचे काम हातचे गेले, त्याची हळहळ मला आजही वाटते.

हे का घडते, ते नीट समजून घ्यायला हवे, कारण विक्रेता ते आपल्याला सांगत नाही. डिजिटल स्वाक्षरीचे टोकन म्हणजे नुसता पेनड्राइव्ह नव्हे. त्यातील गुप्त किल्ली वाचून कागदावर सही उमटवण्यासाठी संगणकावर त्या टोकनाचा ड्रायव्हर आणि संकेतस्थळाने दिलेले सॉफ्टवेअर चालू असावे लागते, आणि ही सॉफ्टवेअर मुख्यतः विंडोजच्या संगणकांसाठी बनवलेली असतात. जीएसटीच्या विवरणपत्रासाठी एका मालकाच्या व्यवसायाला मोबाइलवरच्या ओटीपीने भागते. पण आपली कंपनी किंवा एलएलपी, म्हणजे मर्यादित दायित्वाची भागीदारी, असेल तर डिजिटल स्वाक्षरीवाचून गत्यंतर नाही. हिशेबाचेही तसेच आहे. टॅलीप्राइम हे हिशेबाचे सॉफ्टवेअर विंडोजसाठी आहे. त्याचे अहवाल ब्राउझरमधून पाहता येतात, परंतु टॅली भाड्याच्या सर्व्हरवर ठेवल्याशिवाय टॅबलेटवर पूर्ण कारभार करता येत नाही.

काही मित्र यावर उपाय सांगतात की टोकन दुकानातल्या संगणकाला लावून ठेवावे आणि टॅबलेटवरून दूरस्थ जोडणीने तो संगणक चालवावा. उपाय चालतो, मीही करून पाहिला आहे. पण दुकानातली वीज गेली, किंवा आपण तिरोड्याच्या पुढे आलो आणि नेटवर्क तुटले, की सगळे अडते. त्याहून गंभीर गोष्ट अशी की ती स्वाक्षरी कायद्याने आपल्या हातच्या सहीइतकीच बांधील असते. कोऱ्या धनादेशावर सही करून गल्ल्यात ठेवण्यास आपण तयार नसतो, मग दिवसरात्र संगणकाला लावलेले टोकन कुणाच्या भरवशावर सोडावे?

मराठीत कामकाज करणाऱ्यांना आणखी एक अडचण येते. युनिकोडमधला, म्हणजे सगळ्या यंत्रांवर सारख्याच वाचल्या जाणाऱ्या अक्षरपद्धतीतला, मजकूर टॅबलेटवर उत्तम दिसतो आणि टंकताही येतो. परंतु अनेक छोट्या कार्यालयांतून आणि छापखान्यांतून अजूनही जुन्या, युनिकोडपूर्व टंकांतली (फॉन्टमधली) पत्रे येतात. तो टंक आपल्या यंत्रात नसेल तर पत्राच्या जागी निरर्थक अक्षरांचा ढीग दिसतो. लॅपटॉपवर तो टंक एकदा बसवला की प्रश्न मिटतो. टॅबलेटवर तेच करणे बरेच खटाटोपाचे होते.

आपल्या नागपूरच्या उन्हाचा विचार मात्र दोन्ही साधनांना सारखाच लागू आहे. लिथियमची बॅटरी उष्णतेने कायमची दुबळी होते. अ‍ॅपल आपल्या टॅबलेट आणि लॅपटॉप दोन्हींसाठी वापराची मर्यादा ३५ अंश सेल्सिअस आणि साठवणीची ४५ अंश सांगते. नवतपात, म्हणजे उन्हाळ्याच्या सर्वांत कडक नऊ दिवसांत, आपल्याकडे सावलीतलाच पारा ४५ च्या आसपास असतो. मग काचा लावून उन्हात उभ्या केलेल्या मोटारीच्या आत काय होत असेल, ते सांगायला नको. मिलमध्ये पाच मिनिटांचे काम आहे म्हणून पिशवी गाडीत सोडू नये. मी ती खांद्यालाच ठेवतो, आणि इथे टॅबलेटचे कमी वजन निश्चितच सुखाचे वाटते.

प्रवासातल्या विजेबद्दल दोन शब्द. रेल्वेच्या डब्यातल्या प्लगवर सहसा ११० व्होल्टचा पुरवठा असतो. चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले असेल तर चिंता नाही. रात्री ११ ते पहाटे ५ या वेळेत आगीच्या धोक्यामुळे अनेक गाड्यांत हा पुरवठा बंद ठेवतात, म्हणून मुंबईला रात्रीच्या गाडीने निघताना बॅटरी घरूनच भरून घ्यावी. टॅबलेट पॉवर बँकेवर सहज भरतो. लॅपटॉप यूएसबी-सीने भरणारा घेतला, तर ६५ वॅटच्या एकाच चार्जरवर फोनही भागतो. विमानाने जाणाऱ्यांनी पॉवर बँक हातातल्या सामानातच ठेवावी आणि ती १०० वॅट-तासांच्या आतली असावी. २०,००० एमएएचची बँक सुमारे ७४ वॅट-तासांची भरते.

आता माझा कौल स्पष्ट सांगतो. जो व्यापारी स्वतः दर ठरवतो, स्वतः सही करतो आणि बाहेरगावी असतानाही ज्याला काम शेवटास न्यावे लागते, त्याने हलका लॅपटॉपच घ्यावा. तोही विंडोजचा, आणि इंटेल किंवा एएमडीच्या प्रोसेसरचा. २०२४ पासून स्नॅपड्रॅगन एक्स प्रोसेसरचे विंडोज लॅपटॉप आले आहेत, त्यांची बॅटरी पुष्कळ चालते. पण त्या प्रोसेसरसाठी वेगळा ड्रायव्हर नसेल तर जुने टोकन किंवा जुना प्रिंटर त्यावर चालत नाही. मॅकबुक एअर २०२० पासून पंख्याविना येतो, म्हणजे गिरणीच्या धुळीत तो बरा, तरी टॅलीप्राइम त्यावर थेट चालत नाही. आपल्या मुलाने किंवा भाच्याने सुचवले म्हणून यांपैकी काही घेण्याआधी एवढे पाहून घ्यावे.

याउलट आपला जो माणूस केवळ नमुने दाखवतो, मागणी टिपतो आणि वसुलीची नोंद करतो, त्याला सिमकार्डचा टॅबलेट द्यावा. माझा पुतण्या चंद्रपूरच्या बाजूला वसुलीला जातो. त्याच्या टॅबलेटवर मालाची यादी, प्रत्येक पार्टीची बाकी आणि पोच घेण्यासाठी पेन, एवढेच आहे. मोबाइलचे हॉटस्पॉट लावण्याचीही त्याला गरज पडत नाही. दिवसभर चार्जर न काढता तो परत येतो.

खरेदीला सीताबर्डीत जाल तेव्हा खिशात आपले टोकन, पेनड्राइव्हमध्ये निविदेची एक जुनी दर-फाइल आणि जुन्या टंकातले एखादे पत्र घेऊन जा. हलक्या लॅपटॉपला अनेकदा नुसत्या यूएसबी-सीच्या खाचा असतात आणि टोकन जुन्या, रुंद खाचेचे असते, तेव्हा जोडणीही सोबत ठेवा. दुकानदाराला विनंती करून त्याच यंत्रावर टोकनचा ड्रायव्हर चढवून घ्या, फाइल उघडून एका रकान्यात दर भरून पाहा, आणि बिल आपल्या जीएसटी क्रमांकावर घ्यायला विसरू नका. दुकानदाराने एवढी तपासणी करू दिली नाही, तर दुसरे दुकान पाहा.

नमस्कार.