एक तोळ्याची गोळी

मंडळी, अध्यक्षांनी माझी ओळख ‘अमेरिकेत पिस्तुलं चालवून आलेले’ अशी करून दिली आणि मागच्या दोन रांगा एकदम सावरून बसल्या. त्यांची निराशा आधीच करून टाकतो. आज माझ्याजवळ पिस्तूल नाही, काडतूस नाही, रिकामी पुंगळीसुद्धा नाही. आपल्याकडं परवाना नसताना खिशात एक जिवंत काडतूस सापडलं तरी १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा होतो, आणि ते बरंच आहे. टेबलावर तीनच वस्तू आहेत. पुठ्ठ्याचं एक टार्गेट, कमरेचा एक पट्टा आणि पानाच्या डब्यापेक्षा लहान असा हा टायमर. बोलायला एवढं पुरतं.

मी कुपवाडच्या एमआयडीसीत फाउंड्रीत वाढलेला माणूस. कामानिमित्त काही वर्षं ओहायोत होतो. तिथं शेजारी राहणाऱ्या एका निवृत्त पोस्टमननं एका रविवारी मला शेताकडेच्या रेंजवर नेलं आणि हा खेळ दाखवला. प्रॅक्टिकल शूटिंग. ऑलिंपिकची नेमबाजी तुम्ही टीव्हीवर पाहिली असेल. नेमबाज पुतळ्यासारखा उभा, श्वास रोखलेला, एकेक गोळी मोजून-मापून. प्रॅक्टिकल म्हणजे त्याच नेमबाजीचं खो-खोशी लग्न लावून दिलेलं. लाकडी भिंती, खिडक्या, पिंपं मांडून ठेवलेली असतात. तुम्ही पळायचं, वाकायचं, कोपऱ्यातून डोकावायचं, दिसेल त्या टार्गेटवर दोन गोळ्या घालायच्या आणि पुढं जायचं. मांडणी दर सामन्याला नवी. गोळ्या कशा खर्चायच्या, मॅगझिन, म्हणजे काडतुसांची डबी, कुठं बदलायचं, हे ज्याचं त्यानं ठरवायचं.

१९७६ साली अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात कोलंबिया या गावी या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. जेफ कूपर तिचे पहिले अध्यक्ष. बोधवाक्य तीन लॅटिन शब्दांचं आहे, अर्थ अचूकता, ताकद आणि वेग. तिन्हींना सारखा मान, असं कागदावर आहे. मैदानावर त्यांची भांडणं चालतात, आणि त्यातच सगळी गंमत आहे.

हे टार्गेट बघा. मधला हा उभा पट्टा साधारण पंधरा सेंटिमीटर रुंद आहे. त्यात गोळी बसली तर पाच गुण. बाहेरच्या भागात, काडतूस हलकं असेल तर तीन, जड असेल तर चार; हलकं-जड कसं ठरतं ते पुढं सांगतो. अगदी कडेला एक किंवा दोन. मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागायचं. येईल तो तुमचा आकडा. बारा गोळ्यांचा एक जुना ठरलेला प्रकार आहे, कूपर यांनीच बसवलेला. तीन टार्गेटांकडं पाठ करून उभं राहायचं, शिट्टी झाली की वळून प्रत्येकावर दोन, मॅगझिन बदलून परत दोन-दोन. समजा बाराच्या बारा मधोमध लागल्या आणि आठ सेकंद गेले. साठ भागिले आठ, साडेसात. दुसरा घाईचा माणूस. आठ मधोमध, चार बाहेर, हलकं काडतूस, म्हणजे बावन्न गुण, पण साडेसहा सेकंदांत. आठ झाले की हो! घाईचा जिंकला. आता तिसरा. सहाच सेकंद, अकरा मधोमध, पण एक गोळी टार्गेटच चुकली. चुकीला दहा गुण वजा. पंचावन्नातून दहा गेले, पंचेचाळीस भागिले सहा, पुन्हा साडेसात. दोन सेकंद वाचवले आणि एका गोळीत घालवले. हा हिशेब पळताना डोक्यात ठेवायचा असतो.

टायमरचं आत्ताच दाखवतो. बटण दाबल्यावर हा लगेच वाजत नाही. मधले एक ते चार सेकंद कधीही वाजेल, म्हणजे कुणाला अंदाज बांधून उडी मारता येत नाही. आत माइक आहे, प्रत्येक गोळीचा आवाज तो वेळेसकट टिपतो. पुढच्या रांगेतला तू, लाल स्वेटरवाला, इकडं ये. आवाज आला की एक टाळी वाजव. ...शून्य पूर्णांक एकतीस. छान. आता पिस्तूल पट्ट्यातून काढून पहिली गोळी घालायची असती तर माझ्यासारख्याला दीड सेकंद लागला असता. यातला तुझा एकतीस वजा कर, उरलेला सगळा सरावाचा भाग.

आता सामानाकडं येतो, कारण तरुण मुलं मला पहिला प्रश्न विचारतात तो ‘कुठलं पिस्तूल?’ हाच. माझं साधं नऊ मिलिमीटरचं होतं, दुर्बीण नाही, माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेम धरायचा उंचवटा, आणि मागची खाच एवढंच. मी ज्या विभागात खेळायचो तिथं एका मॅगझिनमध्ये दहाच काडतुसं भरायची मुभा होती. मोठ्या मांडणीत बत्तीसपर्यंत गोळ्या लागतात, म्हणजे तीन वेळा पळता पळता मॅगझिन बदलणं आलं. पिस्तुलाला कुणी काही म्हणत नाही हो, पत्र्याच्या त्या डबीनं मात्र भल्याभल्यांना रडवलंय. रिकामं मॅगझिन चिखलात पडतं. मी ते उचललं, पँटला पुसलं आणि पुढच्या फेरीला तसंच लावलं. दोन बार झाले आणि आतली पट्टी वाळूनं अडकली. स्प्रिंग ढकलेना, काडतूस वर येईना. मी पिस्तूल हलवतोय, थोपटतोय, मागं बारा माणसं शांतपणे बघतायत. तेव्हापासून मॅगझिनवर नंबर घातले आणि खिशात बाटली धुवायचा ब्रश ठेवला. कुठल्या नंबरचं अडकतं ते वहीत लिहायचं, आणि ते डबडं सरावापुरतं ठेवायचं.

काडतुसाचं मात्र जरा निवांत सांगतो, कारण माझा जीव त्यातच जास्त रमला.

गोळीचं वजन तिथं ग्रेनमध्ये मोजतात. पहिल्यांदा डब्यावर ‘१८० ग्रेन’ वाचलं आणि मला आपला सराफ कट्टा आठवला. इंग्रजांनी १८३३ साली तोळ्याचं वजन ठरवून टाकलं, ते बरोबर १८० ग्रेन. म्हणजे चाळीस कॅलिबरची ती गोळी म्हणजे एक तोळा शिसं. पंधरा ग्रेनचा मासा, बारा माशांचा तोळा. माझी नऊ मिलिमीटरची गोळी १२४ ग्रेनची, म्हणजे आठ मासे आणि वर दोन गुंजा. तिथल्या मित्रांना हे सांगितलं तर ते हसले, पण माझ्या डोक्यात ते वजन त्या दिवशी बसलं ते बसलंच.

आता ‘ताकद’ कशी मोजतात? गोळीचं वजन ग्रेनमध्ये, गुणिले वेग सेकंदाला फुटांत, भागिले हजार. हा आकडा निदान १२५ पाहिजे. तिथं तो १६५ ला पोचला तर काडतूस ‘जड’ धरतात, आणि काही विभागांत बाहेरच्या गोळीला जास्त गुण मिळतात. एक तोळ्याच्या गोळीला त्यासाठी सेकंदाला ९१७ फूट वेग लागतो. माझ्या १२४ ग्रेनला १२५ गाठायला १००९ फूट पुरतात. तिसरा मार्ग, १४७ ग्रेनची जड गोळी सावकाश सोडायची, साडेआठशेच्या जरा वर काम होतं. हाताला झटका बसण्याऐवजी कुणीतरी खांद्याला धरून ढकलल्यासारखं वाटतं, आणि माशी लवकर खाली येते. म्हणून सगळे अगदी काठावर राहायला बघतात. १२५ हवेत ना, मग १२७ ठेवू, १३५ कशाला? मीही तेच केलं.

काडतुसं मी घरीच भरायचो. वर्षाला आठ-दहा हजार लागत, विकत घेऊन परवडलं नसतं. गॅरेजमध्ये यंत्र होतं. फिरती थाळी, एक दांडा. दांडा खाली ओढला की पुंगळी एक घर पुढं सरकते. एका घरात जुनी टोपी, म्हणजे दारू पेटवणारी वाटी, निघते आणि नवी बसते, दुसऱ्यात दारू पडते, तिसऱ्यात गोळी, चौथ्यात तोंड आवळलं जातं. रविवारी सकाळी सांगलीहून आप्पांचा फोन यायचा. ‘काय करतोस?’ ‘दारू भरतोय आप्पा.’ पलीकडं बराच वेळ शांतता. शेवटी आईनं फोन घेतला.

विनोद झाला, पण त्या फोननंच मला गोत्यात आणलं. हळदीच्या सौद्यात काय दर निघाला ते आप्पा सांगत होते आणि माझा एक हात दांड्यावर. बोलता बोलता थाळी हातानं पुढं सरकवली. एका पुंगळीत दारू पडलीच नाही. दिसायला ती चारचौघींसारखी. दोन आठवड्यांनी सामन्यात, पाचव्या टार्गेटवर, बार व्हायच्या जागी ‘फट्’ असा बारीक आवाज आला. फुसका बार. नुसत्या टोपीच्या जोरावर गोळी नळीत दीड इंच जाऊन बसली होती. सवय अशी असते की पिस्तूल अडलं तर त्याचा वरचा भाग मागं ओढायचा आणि पुन्हा चाप दाबायचा. मी तो मागं ओढलाही. मागून पंच एवढ्या जोरात ‘स्टॉप’ ओरडला की मी जागीच थिजलो. अडकलेल्या गोळीवर दुसरी गोळी गेली असती तर नळी फाटली असती, आणि माझी बोटंही. पितळेच्या सळईनं आतली गोळी ठोकून बाहेर काढली. शंका खोटी निघाली असती तर नियमानं फेरी पुन्हा मिळाली असती. ती खरी निघाली, म्हणून झाले तेवढेच गुण. पुढं फोन घरात आणि मी गॅरेजमध्ये, असा नियम केला. बायकोनं तिचाही एक जोडला. गॅरेजमधले बूट घरात नाहीत, हात साबणानं धुतल्याशिवाय मुलांना हात लावायचा नाही. शिशाची पूड दिसत नाही, पण अंगात जाते. फाउंड्रीवाल्याला हे बायकोनं सांगावं लागलं, याची थोडी लाज वाटते.

आणि त्या १२७ चं काय झालं? मोठ्या सामन्यात सुरुवातीलाच तुमची आठ काडतुसं काढून घेतात. एक फोडून गोळी तोलतात, तीन उडवून वेग मोजतात. मी ती ऑगस्टमध्ये भरली होती, गॅरेजमध्ये घाम गळत असताना. सामना ऑक्टोबरचा, पहाटे गवतावर हिम. बहुतेक दारू थंडीत मंद जळते, हे मी वाचलं होतं, तपासलं नव्हतं. तीन गोळ्यांची सरासरी १००३ फूट. १२४.४. म्हणजे १२५ च्या आत. तिथं नियम असा की दिवसभर खेळा, पण गुण लागणार नाहीत. तीन आणखी उडवायची संधी असते, आणि सहांतल्या सर्वांत वेगवान तीन धरतात. मी उरलेली काडतुसं काखेत धरून उभा होतो, ऊब मिळावी म्हणून. पंचानं बघितलं, हसला, म्हणाला ती नव्हे, आमच्या पिशवीतलीच. पुढच्या तीन गोळ्या गेल्या आणि सरासरी १०११ वर आली. १२५.४. सुटलो. घरी गेल्यावर सगळ्या डब्यांवर महिना आणि तापमान लिहिलं.

बाद होण्याचीही एक गोष्ट आहे, लांबवत नाही. पिस्तुलाचं तोंड कायम समोरच्या मातीच्या भिंतीकडं, बाजूला नव्वद अंशांच्या आत. ती रेषा ओलांडली की त्या दिवसापुरता खेळ संपला, मग तुम्ही कोणीही असा. उजव्या हाताचा माणूस डावीकडं पळत मॅगझिन बदलू लागला की तोंड आपोआप मागं वळतं. माझंही वळलं. दोन तास गाडी चालवून गेलो होतो आणि दुसऱ्याच फेरीला घरी. पण तिथली रीत अशी की बाद झालेला माणूस निघून जात नाही. मी दिवसभर टार्गेटच्या भोकांवर तपकिरी चिकटपट्ट्या लावत फिरलो. संध्याकाळी सगळे वाकून पुंगळ्या वेचतात, शेंगा काढल्यावर आपल्याकडं बायका सरवा वेचतात तसं. मीही बादलीभर वेचल्या. त्या पुढच्या वर्षीपर्यंत पुरल्या.

इथं आल्यावर हे सगळं बंद. नऊ मिलिमीटर सर्वसामान्य माणसाला मिळत नाही. आणि खरं सांगायचं तर आपल्याकडं नेमबाजीची कमी आहे कुठं? पन्नास किलोमीटरवर कोल्हापूर. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला विश्वविजेती झाली, राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेतलं, राधानगरीकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्य आणलं. त्यांना पदकं आणि आम्हाला हळद, असं मी माझ्या कोल्हापूरच्या मेहुण्याला म्हणतो. तो म्हणतो, हळदही सध्या चांगली जाते.

शेजारच्या पोरांना मी दहा मीटर एअर पिस्तुल शिकवतो. ७५ मिनिटांत साठ छर्रे, दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं, आपल्या करंगळीच्या नखाएवढं. इथं धावपळ नाही. पण वही तीच. छर्ऱ्याचा डबा कधी उघडला, कुठल्या डब्याची भोकं जास्त विखुरतात, त्या दिवशी हवा कशी होती, हे लिहायला लावतो. पोरं कंटाळतात.

मागून एक आजोबा विचारतायत, ‘कधी जिंकलास का?’ नाही हो. तिथं खेळाडूंची प्रतवारी असते, मी ‘ब’ वर्गापर्यंत पोचलो, म्हणजे सर्वोत्तम धरलेल्या आकड्याच्या साठ ते पंचाहत्तर टक्के. एकदा एका फेरीत पहिला आलो होतो. त्या फेरीत पाऊस होता आणि निम्मी माणसं गाडीत बसून राहिली होती.

टायमर इथंच ठेवतो. मुलांनो, टाळ्या वाजवून बघा, एकतीसच्या खाली कोण येतं. फक्त जाताना बंद करा, बॅटरी नऊ व्होल्टची आहे आणि ती मीच घालतो.